कुवेंपुनगरातला हिमालय

हिमालय भारताच्या उत्तर सीमेवर उभा आहे, ही शाळेत शिकवलेली समजूत आता दुरुस्त करून घ्यायला हवी. त्याचा एक भाग दक्षिणेत, म्हैसूरच्या कुवेंपुनगरात आहे. पहिले दोन दिवस तो माझ्या फाटकासमोर पडून होता आणि त्यामुळे माझी स्कूटर बाहेर निघत नव्हती.

हा हिमालय हूटगळ्ळीहून लॉरीनं आला. तिकडे रोज नवी घरं उठतात, पाया खणताना दगड निघतात, आणि ते कुणी फुकट नेत असेल तर घरमालक त्याला वर चहाही पाजतो. लॉरीवाल्यानं रस्ता बरोबर शोधला, फक्त रस्त्याची बाजू चुकली. समोरच्या घरातून शंभूराव माने लुंगी सावरत धावत आले तोवर सगळी पर्वतरांग माझ्या दारात उतरली होती.

"रघुनाथराव, रागावू नका," ते म्हणाले. "हे नुसते दगड नव्हेत. हा हिमालय आहे."

"मग तो उत्तरेला सरकवा," मी म्हणालो. त्यांचं घर माझ्या उत्तरेलाच आहे.

शंभूरावांचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. कधीतरी घोडे संपले, दळ राहिलं, आणि त्या दळाचे वंशज आता बँकांत, शाळांत, कारखान्यांत आहेत. मान्यांच्या घरात त्या काळची एक तलवार आहे. गच्चीचं दार वाऱ्यानं आपटतं, म्हणून सध्या ती त्याच्या कडीत अडकवलेली असते. शंभूराव स्वतः पाणीपुरवठ्याचे इंजिनियर. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या घरात पाणी कसं येईल हे पाहिलं. निवृत्तीनंतर, आपल्या अंगणातल्या चटईएवढ्या जागेतून पाणी कसं निघून जाईल, या एकाच प्रश्नाला त्यांनी वाहून घेतलं.

त्याचं कारण व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेलं होतं.

जयलक्ष्मीबाई म्हणजे शंभूरावांची पत्नी. आयुष्यभर कन्नड शाळेत शिकवलं, आणि रस्त्यावरच्या सायकलवाल्यांना अजूनही त्या वर्गातल्यासारख्या नावानं ओळखतात. आदल्या दिवाळीत त्या व्हरांड्याच्या पायऱ्यांवरून घसरल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते उत्तम झालं. घरातल्या घरात त्या फिरू लागल्या, स्वयंपाक करू लागल्या, कपाटावरचे डबे काढू लागल्या. पण व्हरांड्याच्या कडेला आल्या की थांबायच्या. खाली पायऱ्यांकडे बघायच्या आणि खुर्चीत बसायच्या. डॉक्टर म्हणाले, "गुडघा बरा आहे. आता उतरायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं." त्यांनी ठरवलं होतं.

बरं, उतरायची गरजही कुणी ठेवली नव्हती. भाजीवाला पायऱ्या चढून यायचा. फुलवाली वर येऊन गजरा मोजून द्यायची. शेजारपाजारच्या बायका खुर्चीभोवती बसायच्या. सगळं कुवेंपुनगर वर येत होतं, मग खाली जायचं कशाला? शंभूराव मला म्हणाले, "तिला काही कमी नाही, हीच अडचण आहे हो. असंच चाललं तर ती पुन्हा कधी खाली उतरायची नाही. आणि एकदा पाय ते विसरले की विसरले."

एके दिवशी दोघं टीव्हीवर उत्तराखंडातल्या फुलांच्या दऱ्या बघत होते. खडकांच्या भेगांत उगवलेली इवली इवली फुलं. जयलक्ष्मीबाई म्हणाल्या, "हे जवळून बघायला पाहिजे होतं, अल्वा? नाही का?" एवढंच. मग त्यांनी मालिका लावली. शंभूरावांनी मात्र रात्रीचं जेवण अर्धवट टाकलं आणि दुसऱ्या सकाळी माझ्याकडे आले.

"जास्वंद लावली तर ती खुर्चीतून दिसते," ते म्हणाले. "गुलाब लावला, दिसतो. झेंडू तर बसस्टॉपवरून दिसतो. पण पहाडातली ही झाडं बघा. सगळं झाड मुठीएवढं. फूल करंगळीच्या नखाएवढं. व्हरांड्यातून बघितलं तर ठिपकासुद्धा दिसायचा नाही. बघायचं असेल तर?"

"चष्मा बदलायचा," मी म्हणालो.

"खाली यावं लागेल! पायऱ्या उतरून!" इंजिनियरनं टेबलावर मूठ आपटली. माझी कॉफी सांडली.

बियांचं काम मुलीकडे गेलं. यशस्विनी बेंगळुरूत कंपनीत आहे. तिचं मराठी स्वयंपाकघरापुरतं आहे, पुढचं ती इंग्रजीत आणि कन्नडात भागवते. फोन लाऊडस्पीकरवर होता.

"अप्पा, हे सगळे अल्पाइन प्लांट्स आहेत. तिथं स्नो पडतो. म्हैसूरला एप्रिलमध्ये काय पडतं?"

"आंबे."

"अय्यो अप्पा, सीरियसली! या बियांना आधी थंडी लागते. वीक्स अँड वीक्स. नाहीतर ते उठतच नाहीत."

"मग फ्रिज कशाला आहे?"

अशा रीतीनं हिमालयातला हिवाळा मान्यांच्या फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठाच्या आणि लिंबाच्या लोणच्याच्या मध्ये, एका प्लास्टिकच्या डब्यात सुरू झाला. डब्यात ओली वाळू आणि वाळूत बिया. जयलक्ष्मीबाईंनी डबा उघडून पाहिला आणि पुन्हा लावला. "आधी वाटलं फेकून द्यावं," त्या मला म्हणाल्या. "मग म्हटलं, वाळू आहे, नासणार तर नाही. राहू दे."

बाहेर बांधकाम चाललं. खाली फुटकी कौलं, त्यावर खडी, त्यावर जाड वाळू. माती नावापुरती, म्हणजे आपण आमटीत हिंग घालतो तेवढी. "पहाडावर पाऊस पडतो पण थांबत नाही," शंभूराव सांगायचे. "ही झाडं उपाशी राहतील, उन्हात राहतील, पण पायाशी पाणी साचलं की मेली." त्यावर दगड. दगड आडवे ठेवले असते तर पुढची गोष्ट घडली नसती. पण त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की दगड उभे लावायचे, एकमेकांना खेटून, मध्ये बोटभर फट ठेवून, म्हणजे मुळं खोल गारव्यात जातात. त्यांनी दगड उभे केले. सर्वांत उंच दगड मध्यभागी. काळपट शिळा, आणि तिच्या अंगावरून वळणं घेत खालून वर गेलेली पांढरी शीर.

"ही हिमनदी," शिरेवर बोट ठेवून शंभूराव म्हणाले.

मी मान डोलावली. पण म्हैसुरात आडवा दगड हा फक्त दगड असतो. उभा केला की त्याच्यावर जबाबदाऱ्या येतात.

रोपं उगवली. डोळ्यांत तेल घालून पाहिली तर दिसत. मग उन्हाळा आला. शंभूराव दुपारी बागेवर छत्री बांधायचे, दगडांच्या कडेनं बर्फाचे तुकडे मांडायचे आणि एक्स्टेन्शन ओढून टेबलफॅन लावायचे. घरात वीज गेली की व्हरांड्यातून विचारणा व्हायची, "हिमालयाचा पंखा बंद झाला का हो?" गोकुलममध्ये योग शिकायला आलेल्या एका ऑस्ट्रियन बाईंना ते मुद्दाम रिक्षानं घेऊन आले. त्यांच्या देशात असे डोंगर आहेत, तज्ज्ञांचं मत घ्यावं म्हणून. बाईंनी बर्फ पाहिला, छत्री पाहिली, पंखा पाहिला, हात जोडले आणि हळूच विचारलं की ही कोणत्या देवाची पूजा आहे. त्यांच्या गावात ही फुलं आपोआप येतात, त्यामुळे त्यांना काही सांगता येईना.

एप्रिलनं निम्मी रोपं नेली. मेमध्ये उरलेल्यांतली निम्मी गेली. जूनच्या झडीनं बाकीचं उरकलं. आषाढ संपता संपता एकच रोप राहिलं होतं. हिमनदीच्या अगदी पायथ्याशी, फटीत. कॅम्पॅन्युला नावाचं, तळहातावर मावेल एवढं. आणि एका सकाळी त्याला फूल आलं. निळी घंटा, खरोखर करंगळीच्या नखाएवढी.

शंभूराव पायऱ्यांखालीच थांबले. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"जया. एक फूल आलंय."

"हो का? छान."

"बघायला येतेस?"

जयलक्ष्मीबाई उठल्या. व्हरांड्याच्या कडेपर्यंत आल्या. खांब धरला. मी रस्त्यापलीकडून पेपरच्या वरून बघत होतो. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं.

"फोनवर फोटो काढून आणा ना," त्या म्हणाल्या. "त्यात मोठं करून बघता येतं."

शंभूरावांनी फोटो काढून आणला. जयलक्ष्मीबाईंनी दोन बोटांनी तो मोठा केला, "निळं आहे," म्हणाल्या आणि यशस्विनीला पाठवला. यशस्विनीनं तीन हृदयं पाठवली. एवढ्या महिन्यांचा सगळा बेत एका बोटभर काचेवर आटोपला. त्या संध्याकाळी शंभूराव माझ्याकडे येऊन बसले आणि बराच वेळ मुनिसिपालिटीबद्दल बोलत राहिले.

हिमनदीला पहिलं हळदकुंकू लागलं ते दुसऱ्या दिवशी.

लावलं नागरत्नम्मांनी. त्या शेजारच्या गल्लीत राहतात, वयानं आम्हा सर्वांहून थोरल्या, आणि त्यांचं कन्नड ऐकताना समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहतो. शंभूरावांनी फडक्यानं कुंकू पुसलं. दुसऱ्या दिवशी कुंकू होतं आणि वर शेवंतीची माळ होती. तिसऱ्या दिवशी ते दबा धरून बसले आणि त्यांनी नागरत्नम्मांना फाटकातच गाठलं. कडेला मी होतोच.

"अम्मा, ही पूजेची जागा नव्हे. ही बाग आहे."

"रायरे, नीट बघा की," नागरत्नम्मा शिळेकडे बोट करून म्हणाल्या. शंभूरावांचा 'राव' कन्नडात 'राय' होतो. "शेपूट खाली, फणा वर. नागप्पा आहे."

"ते क्वार्ट्झ आहे."

"असेल. आमच्या गावच्या नागप्पालाही असंच काहीतरी नाव असेल."

"अहो, ही पहाडी बाग आहे. हिमालयाची!"

"हिमालयाची?" नागरत्नम्मांनी हात जोडले. "मग शिवाचीच जागा झाली. त्याच्या गळ्यातला इथं आला, यात तुम्हाला आश्चर्य कसलं वाटतं, रायरे?"

शंभूरावांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. व्हरांड्यातून जयलक्ष्मीबाई हसत होत्या. "सुम्ने, उगाच वाद कशाला घालता हो त्यांच्याशी?" त्या म्हणाल्या. "तुमचा दगड आहे, त्यांचा देव आहे. दोघं एकाच जागेत राहतायत, भाडं तर कुणी मागत नाही."

शंभूरावांनी माझ्याकडून कन्नडात एक पाटी रंगवून घेतली. 'कृपया येथे पूजा करू नये.' ती खडीत रोवली. दुसऱ्या सकाळी पाटीलाही कुंकू लागलेलं होतं, आणि एक फूल.

इथवर चालून गेलं असतं. कुंकवानं झाड मरत नाही. पण पुढ्यात नागपंचमी होती, आणि नागपंचमीला नागाच्या दगडावर दूध ओततात. इकडे त्याला तनी घालणं म्हणतात. घराघरातून तांब्या येतो. शंभूरावांनी हिशेब मांडला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. एवढं दूध खडीत जिरणार, तिथं नासणार, फटी बुजणार. हिमनदीच्या पायथ्याशी, दुधाच्या नेमक्या वाटेत, ते एकुलतं एक रोप उभं होतं.

"ते गेलं तर काय राहिलं हो?" ते मला म्हणाले. "फोटो बघून झाला तरी मी म्हणत होतो, बी धरेल, पुन्हा येईल, पुन्हा विचारू. एकदा नाही म्हणाली, दोनदा म्हणेल, पण कधीतरी येईल की खाली. झाडच नसेल तर मी तिला कशासाठी बोलावू?"

मी त्यांना सुचवलं, रोप उपटून कुंडीत लावा. ते म्हणाले, फटीतलं मूळ हातभर खोल गेलंय, उपटलं तर तुटणार. मग रोप झाकून टाका, मी म्हणालो. तेवढं त्यांना पटलं.

पंचमीच्या सकाळी भुरभुर पाऊस होता. शंभूरावांनी रोपावर बादली उपडी घातली, बादलीवर वीट ठेवली आणि मला शेजारी घेऊन स्वतः फाटकात उभे राहिले. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. त्यांनी भाषण तयार केलं होतं. त्यात पाण्याचा निचरा होता, दुधातली चरबी होती, घटनेतला वैज्ञानिक दृष्टिकोन होता, आणि शेवटी महाराजांच्या घोडदळाचा एक उल्लेख होता, तो कशासाठी होता हे मला विचारूनही कळलं नव्हतं.

बायका आल्या. पुढे नागरत्नम्मा, मागे अख्खी गल्ली, हातात पितळी तांबे, डोक्यावर पदर. शंभूरावांनी घसा खाकरला.

"हे बघा अम्मा, आज मी तुम्हाला स्पष्ट सांगणार आहे..."

"सांगा, सांगा," म्हणत नागरत्नम्मा त्यांच्या बगलेतून आत गेल्या. बादली पाहून थबकल्या. "अय्यो! सणाच्या दिवशी नागप्पावर बादली?" त्यांनी वीट बाजूला ठेवली, बादली उचलून माझ्या हातात दिली. मी ती घेतली. तुम्हीही घेतली असती.

शंभूराव शिळेच्या पुढ्यात येऊन आडवे उभे राहिले. दोन्ही हात पसरून. "एक थेंबसुद्धा नाही," ते म्हणाले. "इथं एक थेंब पडू देणार नाही मी."

तांबे होते तिथंच थांबले. आणि व्हरांड्यातून आवाज आला.

"थांबा ग. माझ्याशिवाय सुरू नका करू."

जयलक्ष्मीबाई उभ्या होत्या. जरीच्या काठाची हिरवी साडी, केसात गजरा, हातात चांदीचं फुलपात्र, काठोकाठ दूध. त्या कडेपर्यंत आल्या. खांब धरला. पायऱ्यांकडे पाहिलं. आम्ही सगळेच पायऱ्यांकडे पाहत होतो. कुणीतरी पुढे व्हायला गेलं, नागरत्नम्मांनी दंडाला धरून मागे ओढलं.

"ओल्या आहेत," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कोण जाणे.

मग त्यांनी पाऊल खाली टाकलं. दुसरं त्याच्या शेजारी आणलं. थांबल्या. फुलपात्रातलं दूध थोडं हिंदकळलं, त्यांनी ते सावरलं आणि बहुधा त्यामुळेच पायांकडे बघायचं राहून गेलं. पुढची पायरी. पुढची. खाली आल्यावर त्यांनी एक दीर्घ उसासा सोडला आणि लगेच कडक आवाजात म्हणाल्या, "काय जत्रा आहे का? सगळ्या माझ्याकडे काय बघताय?"

शंभूरावांचे हात अजून पसरलेलेच होते. ते खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. त्यांचा चष्मा पावसानं भरला होता, निदान मी तसं धरून चाललो.

"अहो, सरका की," जयलक्ष्मीबाई ओल्या खडीतून करकर चालत त्यांच्यापर्यंत आल्या. "ऑपरेशनला जाताना मी नागप्पाला बोलले होते. पुढच्या पंचमीला स्वतःच्या पायांनी येऊन तनी घालीन म्हणून. आमच्या माहेरचा नागप्पा म्हणजे नंजनगूडच्या पलीकडे, तिथवर कुठून जाणार? इतके दिवस तेच मनाला लागून होतं. तो दारात आला, आता तुम्ही आडवे."

"हे मला कधी सांगितलं नाहीस," शंभूराव म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही फॅन लावत होतात."

शंभूराव सरकले. जयलक्ष्मीबाई शिळेसमोर उभ्या राहिल्या. वाकल्या, जेवढा नवा गुडघा वाकू देत होता तेवढ्या. तेव्हा त्यांना ते दिसलं.

"हेच का ते फूल?"

"हेच."

"फोटोत मोठं होतं."

"हो."

"यासाठी बर्फ आणत होता?"

"हो."

त्या क्षणभर बघत राहिल्या. मग डोळे मिटले, ओठ पुटपुटले, आणि फुलपात्र दोन्ही हातांनी वर नेलं. हिमनदीच्या माथ्यावर. तिथून सरळ रेघ मारली तर ती निळ्या घंटेवर येत होती. बायकांनी आपापले तांबे पुढे केले. नागरत्नम्मांनी शंभूरावांकडे पाहिलं, मी पाहिलं, साऱ्या गल्लीनं पाहिलं. फुटकी कौलं, खडी, वाळू, फ्रिजमधला हिवाळा, उन्हाळाभर फिरलेला पंखा, सगळं त्या फुलपात्राच्या कडेवर येऊन थांबलं होतं. शंभूराव बायकोच्या पायांकडे बघत होते. ते ओल्या खडीवर ठामपणे रोवलेले होते.

त्यांनी तोंड उघडलं. भाषण येणार असं वाटून मी बादली खाली ठेवली.

"जया," शंभूराव म्हणाले, "स्वल्प डावीकडून ओत."